एका चौकटीतल्या तिघी

आप्पांना दिसत नाही हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हे फक्त आप्पांना. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. मोजणी खात्यात जन्म घालवून पेन्शनीत निघालेले, साताऱ्यातल्या आमच्या घरातले कर्ते पुरुष. त्यांच्या अक्षराचं साऱ्या कुळात कौतुक होतं. त्याच माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मिरजेला जाऊन डोळे करून घ्यायचे एवढंच काम होतं, पण आप्पा सुरीला घाबरत. वाघाला घाबरले असते तर चारचौघांत सांगितलं असतं. सुरीला घाबरतो म्हणायची त्यांना लाज वाटे. मग त्यांनी मला हाताशी धरलं. "शांताचं अक्षर माझ्या वळणाचं आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून कुळाची वंशावळ लिहायला त्यांनी मला माडीवर बसवलं. लोकांना वाटे, काका पुतणीला वळण लावताहेत. मी त्यांचे डोळे होते आणि हातही होते, आणि वंशावळ पुरी होईतो ते डोळे नि हात कुठे जाऊ नयेत याची काळजी आप्पा फार घेत.

माडीवरची ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून आप्पांनी आणलेल्या जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आम्ही लिहीत असू. पलीकडून कुठल्या तरी गावाच्या शिवेच्या रेघा उमटलेल्या असत आणि अलीकडे आमचे पूर्वज. टाक, दौत, टीपकागद, आणि समोर मांडी घालून, डोळे मिटून बसलेले आप्पा. सकाळी टपाल आलं की गावोगावचे भाऊबंद भरून पाठवत ते तक्ते मी वाचून दाखवायचे: नाव, वडिलांचं नाव, गाव, धंदा, पत्नी, मुलगे. मग आप्पा सांगतील तिथे चौकट आखायची. खालून आईच्या पाट्यावरवंट्याचा आवाज यायचा, फोडणीचा वास जिना चढून यायचा, आणि भांडी घासता घासता गोजराबाई कुणाशी तरी भांडत असायची. ती एकदा केर काढायला वर आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आवं आप्पा, समदी मेल्याली माणसंच लिवतायसा की. जित्यांचं कवा लिवनार?" आप्पा हसले नाहीत. मी हसले, आणि एका खापरपणजोबांवर शाईचा डाग पडला.

आप्पांचे नियम मोजणी खात्यातले होते. एका पुरुषाला एक चौकट. तिच्या उजव्या अंगाला चिकटून पत्नीची लहान चौकट. खाली मुलगे, वयाच्या क्रमाने. मुलींना चौकट नाही, नुसता आकडा. कारण मुलगी दिली की ती दुसऱ्याच्या हद्दीत गेली. आमची शाखा आली तेव्हा माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, चौकटीखाली मी माझ्या हातानं, आप्पांच्या वळणाच्या त्या देखण्या अक्षरात 'कन्या १' असं लिहिलं. टीपकागद दाबला. तेव्हा वाईट वाटलं असं म्हणवत नाही, कारण तोवर मी असे दीडशे आकडे तरी लिहिले होते आणि हात सरावला होता.

मला काय हवं होतं ते सांगते. मी मॅट्रिक झाले होते, आणि पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मला घेतल्याचं पत्र आलं होतं. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मास्तरीण व्हायचं, दहा ते पाच शाळेत जायचं, आणि संध्याकाळी आपली छत्री घेऊन आपण परत यायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. पण ते मी छत्रीच्या रंगासकट ठरवलं होतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, आप्पांना विचार. अण्णा कचेरीत कारकून होते आणि घरातही कारकूनच होते. सही आप्पांची लागायची. आप्पा म्हणाले, वैशाखात सांगलीला कुळाचं संमेलन आहे, तोवर वंशावळ पुरी कर, मग जा पुण्याला. मी ते वचन समजले. त्या दिवसापासून मी इतकी झपाट्यानं लिहू लागले की माझ्या हातून एकेका दिवसात दोन-दोन पिढ्या मरू लागल्या.

त्या घाईतच मला सांगलीच्या शाखेतली गंमत दिसली. विष्णुपंत म्हणून एक मोठे गृहस्थ होऊन गेले होते. त्यांची पत्नी सरस्वती. मुलगे आठ. पण थोरल्याच्या आणि धाकट्याच्या वयात चौतीस वर्षांचं अंतर. मी आप्पांना म्हटलं, हे जमत नाही. आप्पांनी डोळे न उघडता सांगितलं की वर्षं चुकली असतील, नाहीतर बाई दणकट असेल. नाव एकच आहे ना, मग चौकट एकच. तक्ता विष्णुपंतांचे चिरंजीव दत्तोपंत यांनी भरून पाठवला होता. त्यांची हळदीची मोठी वखार होती आणि संमेलन त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच पदरच्या जेवणावर व्हायचं होतं. तक्त्यात आईच्या नावापुढे त्यांनी 'हयात' असं लिहिलं होतं. थोरला मुलगा पासष्टीच्या पुढचा, म्हणजे सरस्वतीबाई ऐंशीच्या पलीकडच्या हव्या. मी मनात म्हटलं, बाईंचे पाय धरले पाहिजेत.

संमेलनाच्या दोन दिवस आधी आम्ही सांगलीला गेलो. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं स्टेशनपर्यंत, तिथून रेल्वेनं मिरज, मग सांगली. माझ्या मांडीवर वंशावळीचं भेंडोळं होतं, मांजरपाटावर चिकटवलेलं, आणि आप्पा दर स्टेशनाला हात लावून ते आहे ना हे पाहत होते. उतरलो वेणूआत्याकडे, गावभागात. वेणूआत्या म्हणजे आप्पांची आणि अण्णांची धाकटी बहीण, बोलायला एक नंबर. तिनं मला पाहताच तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी दिसतेस. परवा संमेलनात लोक बघतीलच." कोण लोक, ते तिनं सांगितलं नाही. आई पदर सारखा करत आत गेली. त्या घरात मला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी मला सरस्वतीबाईंकडून सांगलीच्या शाखेची लिहिलेली माहिती पडताळून आणायला पाठवलं. वखारीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. सगळीकडे हळदीचा वास, इतका की घोटभर पाणी प्यायले तर तेही पिवळं लागलं. उंबऱ्याशी एक बाई शेवया वाळत घालत होत्या. पाठ ताठ, केस अजून निम्मे काळे. मी म्हटलं, सरस्वतीबाईंना भेटायचंय. त्या म्हणाल्या, मीच. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडे. त्या माझ्या आईपेक्षा फार तर दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांना माझा चेहरा बघून हसू आलं असावं. हात पदराला पुसत त्यांनी मला आत बसवलं, चहा टाकला, आणि मी चौतीस वर्षांचं कोडं सांगितल्यावर म्हणाल्या, "तू लिहिणार असशील तर सांगते. नुसतं ऐकणार असशील तर चहा घे आणि जा."

मी लिहीन म्हटलं. मग त्यांनी एका दमात सांगितलं. "पहिली गोदावरी, वाईची. पाच लेकरं ठेवून गेली. दुसरी मथुरा, पाटणकडची. दत्तूला जन्म दिला आणि बाराव्या दिवशी गेली. मी तिसरी. चंद्रभागा, रहिमतपूरची. माझे दोघं. सासूबाईंच्या जिभेला सरस्वती बसलं होतं, म्हणून जी येईल ती सरस्वती." त्या आल्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या आणि दत्तोपंत दहाचे. दोघं मिळून चिंचा पाडायचे, आणि मग एकाएकी कुणीतरी त्यांना सांगितलं की तू याची आई आहेस. मी विचारलं, पहिल्या दोघींची नावं तुम्हाला कशी कळली? तर सासूबाई स्वयंपाकघरात, पुरुष नसले म्हणजे, सुनेवर चिडून रडायच्या: आमची गोदू असती तर असं झालं नसतं, मथू असती तर तसं. "जिवंतपणी सरस्वती," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मेलं की मग ज्याचं त्याला नाव परत. मी मेल्यावर माझं कुणी घेईल असं नाही. ज्या घ्यायच्या त्या सासूबाईच गेल्या." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. शेवयांवर कावळा येतोय का, इकडे त्यांचं लक्ष होतं.

मी आत्याकडे परतले ती जवळजवळ धावत. आत्या आणि आई वांगी चिरत होत्या, आणि आत्या रंगात येऊन सांगत होती. भास्करराव वकील, दत्तोपंतांचं कामकाज बघणारे, घरचं बरं, वय बत्तीस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, एक सहा वर्षांची मुलगी. संमेलनात मुलीला बघतील, पटलं तर याच महिन्यात उरकून टाकू. मग मला दारात पाहून ती गोड आवाजात म्हणाली, "त्यांच्याकडे भांडी सगळी पहिलीच्या, सुमतीच्या नावाची आहेत हो. नाव तेच ठेवणार म्हणतात त्यांच्या आई. पुन्हा घालायला नको, आणि पोरीलाही सोपं." आईचे हात थांबले नाहीत. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. तासाभरापूर्वी मी एका बाईची कीव करून आले होते आणि तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी झाडून ठेवलेली होती.

आप्पांकडे गेले. आधी पुण्याचं विचारलं. ते म्हणाले, पुणं कुठे पळून जातंय? आणि वचन म्हणशील तर मी जा म्हटलं होतं, लग्न करू नको असं म्हटलं नव्हतं. हे बोलताना ते खरोखर खूश होते. पुतणीचं चांगलं केलं असं त्यांना वाटत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग मी तिघींचं सांगितलं. त्यावर मात्र ते गंभीर झाले. वंशावळ शाई घालून पुरी झालेली आहे. एका चौकटीत तीन नावं मावत नाहीत. शिवाय ज्याच्या अंगणात जेवायचं त्याच्या वडिलांच्या तीन बायका भर सभेत मोजून दाखवायच्या का? "जे लिहिलंय तेच वाचायचं," ते म्हणाले. सभेत वाचायचं काम माझ्याकडे होतं, आप्पांचा घसा बसलाय या सबबीवर. घसा ठणठणीत होता.

संमेलनाच्या दिवशी वखारीच्या अंगणात मांडव होता. पुढे पुरुष, मागे बायका, आणि मध्ये आप्पांच्या शेजारी मी, नऊवारीत गुरफटलेली. साखर रेशनवर, म्हणून गुळाची लापशी रटरटत होती आणि भरल्या वांग्यांचा वास सगळ्यांना अस्वस्थ करत होता. रीत अशी ठरली होती की एकेका शाखेचं नाव वाचलं की त्या शाखेतल्या पुरुषांनी उभं राहायचं, नमस्कार करायचा, बसायचं. आप्पांनी भेंडोळ्याची एक कड धरली होती आणि ते ऐटीत, जणू वाचताहेत असे, त्याच्यावर नजर लावून होते. पाहुण्यांत डाव्या अंगाला एक सडपातळ गृहस्थ काळ्या कोटात बसले होते आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून एक मुलगी. आत्यानं खुणावलं नसतं तरी मी ओळखलं असतं.

मी ते का केलं, हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं आहे, स्वतःलाच. चंद्रभागाबाईंना शब्द दिला होता, हे खरं. पण त्याहून मोठं कारण असं की भर सभेत जिभेचा पट्टा सोडणारी मुलगी कोणी सून म्हणून नेणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती. मला स्थळ मोडायचं होतं. सांगलीची शाखा आली. दत्तोपंत उभे राहिले. मी वाचलं, "विष्णुपंत. प्रथम पत्नी गोदावरी, वाईच्या. द्वितीय पत्नी मथुरा, पाटणकडच्या, दत्तोपंतांच्या मातोश्री. तृतीय पत्नी चंद्रभागा, रहिमतपूरच्या, हयात. तिघींचं सासरचं नाव सरस्वती." माझा आवाज खणखणीत होता. आप्पांचं बोट कागदावर गच्च रुतलं. असं लिहिलेलं नाही, हे म्हणायला त्यांना ते दिसायला हवं होतं. मांडवात कुजबूज उठली, कुणीतरी खाकरलं. आता गिल्ला होणार, असं मी धरून चालले होते, तेवढ्यात दत्तोपंत, पन्नाशी उलटलेला तो जाडजूड माणूस, उभ्याउभ्याच म्हणाला, "पुन्हा वाच, पोरी. मधलं." आपली सख्खी आई बाळंतपणात गेली आणि तिचं नाव सरस्वती, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. मी मधलं पुन्हा वाचलं. तो खाली बसला आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिला. मग कुजबूज करायची कुणाची छाती झाली नाही.

पंगती उठल्यावर आप्पांनी मला एकटीला गाठलं. मला वाटलं, आता मार बसतो. त्यांनी एवढंच विचारलं, "लिहिलंयस का तसं, का नुसतं वाचलंस?" मी खरं सांगितलं, नुसतं वाचलं. "मग ठीक," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यांना पायऱ्यांवरून उतरवलं. पुढे ती वंशावळ छापून आली. माझ्याकडे प्रत आहे. विष्णुपंतांच्या उजव्या अंगाला एकच लहान चौकट आहे. मला त्या दिवशी दौत-टाक घेऊन खाली बसायला कितीसा वेळ लागला असता? पण मी माझ्याच स्थळाच्या चिंतेत होते. चंद्रभागाबाईंनी लिहायचा शब्द घेतला होता, वाचायचा नव्हे. याची मला आजही लाज वाटते.

आणि स्थळ मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी भास्करराव आईला घेऊन वेणूआत्याकडे आले. पोहे झाले. मग भास्कररावांनी, मोठ्यांची परवानगी घेऊन, सोप्यावर माझ्याशी दोन शब्द बोलून घेतले. आत्या दारामागे उभी होतीच. ते खाली बघत बोलले. "सुमती गेल्यापासून घरात तिचं नाव कोणी काढत नाही. आई रडते, म्हणून मुलगीसुद्धा काढत नाही. काल तुम्ही ती तीन नावं वाचलीत. मला वाटलं, तुम्ही आलात तर माझ्या मुलीला तिच्या आईविषयी बोलता येईल. तुमचं नाव मी बदलू देणार नाही."

मी घोकून ठेवलेलं होतं ते बोलले. म्हटलं, मला पुण्याला शिकायला जायचंय, जूनमध्ये. ते मनापासून, अगदी प्रेमळ हसले. म्हणाले, "माझ्याकडे पुस्तकं आहेत. पुष्कळ आहेत. सगळी तुमचीच समजा." दुष्ट माणसाला नाही म्हणता येतं. या माणसाला काय म्हणून नाही म्हणायचं, ते मला सुचेना. आतल्या खोलीत माझ्या गप्प राहण्याचा होकार झाला. अण्णा, जे कधी काही बोलत नसत, ते देवापुढे जाऊन उभे राहिले. आईनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, माणूस बरा आहे गं. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मी तिच्या खांद्यावरून होकारार्थी मान हलवली.

मी त्यांच्याबरोबर बेचाळीस वर्षं संसार केला. माणूस खरोखरच बरा होता, बरा कसला, चांगला होता. मला नवरा चांगला मिळाला असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे. मला तो नको होता, हेही तितकंच खरं आहे, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्यानं मलाच कृतघ्न म्हटलं असतं. पुण्याचं पत्र मी ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी घालून सासरी नेलं. पुढे ते कसरीनं खाल्लं.

लग्न वैशाख संपायच्या आत लागलं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि भटजींनी नाव विचारलं. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, सुमती. भास्कररावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हातातल्या अंगठीनं तांदळात सावकाश अक्षरं काढली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. भोवतीच्या बायका वाकून वाकून वाचू लागल्या. एक म्हणाली, किती नशिबाची आहे. दुसरी म्हणाली, असा नवरा शोधून सापडायचा नाही. मी ताटात पाहिलं. 'शांता' असं लिहिलेलं होतं, स्वच्छ, मोकळ्या अक्षरात. आता तक्रार करायला माझ्याकडे काहीसुद्धा उरलं नव्हतं.